पऱ्हाटीचे दिवस आणि मायचा कोळसा

पऱ्हाटी उपटायचे दिवस पुन्हा आले. शेवटची वेचणी होऊन गेली आहे. सेलूच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे कपाशीची उघडी, तपकिरी खोडं उभी आहेत, आणि बाया-माणसं ती चिमट्यात धरून उपटताहेत. शेताच्या कडेला ढीग लागतात. दोन-तीन दिवस ऊन खातात. मग एखाद्या दुपारी कुणीतरी काडी लावतं आणि कपाशीचं अख्खं वर्ष अर्ध्या तासात आकाशात जातं.

मागच्या वर्षापर्यंत हा जळका वास आला की मला फक्त राग यायचा. राग मला घरातूनच मिळालेला. बाबांचं सेलूत वह्या-पाट्यांचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी, असा त्यांचा हिशोब. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, भोंदू बाबांविरुद्ध, ज्याला म्हणून छापायचं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो बाबांकडे यायचा. माझी अक्षरओळख ‘जागे व्हा’पासून झाली. अननसाचा अ बराच नंतर आला. लहानपणी मला वाटायचं, जगात जे काही वाईट आहे ते एका पानावर मावतं, आणि खाली ‘आजच निर्धार करा’ लिहिलं की संपतं.

मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक चुलीवर होतं. ‘चूल ही सवय नाही, शिक्षा आहे.’ कॉलेजात होते तेव्हा. गावोगाव वाटलं, भिंतींवर चिकटवलं. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. कारण ते लिहिताना माझ्यासमोर माझी माय होती. तीस वर्षं चुलीपुढे बसलेली, भाकर उलटता उलटता तोंड फिरवून खोकणारी. हिवाळ्यात तो खोकला छातीत घर करायचा. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे धुरापासून लांब राहणं. मी घरात उपोषणाची धमकी देऊन शेगडी आणवली आणि चूल पाडली. वर्षभरात मायचा खोकला गेला. मी जिंकलेलं पहिलं आंदोलन आमच्याच स्वयंपाकघरात झालं, आणि त्याचा मला केवढा गर्व होता!

अशा घरात, गेल्या वर्षी याच दिवसांत, माय म्हणाली, “मी कोयसा पाडतो म्हंतो.”

झालं असं होतं की वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला एका नातलगाच्या घरी वास्तुपूजा होती. त्या गल्लीच्या तोंडाशी बेबीबाईंचं इस्त्रीचं दुकान, पत्र्याचं छप्पर आणि कोळशाची जड इस्त्री. बेबीबाई मायजवळ रडगाणं गात होत्या. बाजारातला कोळसा अर्धाकच्चा येतो, इस्त्रीत चटकतो, ठिणगी उडते. कुणाच्या नव्या शर्टाला भोक पडलं म्हणजे शिव्या त्यांना. माय म्हणाली, “आमच्या नाल्यावर विलायती बाभूय गंज माजली हाय. लगीनसराईच्या आधी एक पोतं मी आणून देईन.” कधी नाही ते तिनं कुणाला कशाचा शब्द दिला होता. घराच्या वतीनं नाही, बाबांच्या वतीनं नाही, स्वतःच्या.

मी भडकले. झाडं आणि धूर, माझे दोन्ही शत्रू एकाच वाक्यात!

“झाडं तोडणार तू?”

“ते झाड नाई वं. आलं आन् जायाचं नावच घेत नाई, असा पाहुणा हाय तो. तोडला तं दुसऱ्या सालाले दुप्पट होऊन येते.”

“आणि धूर? काऊन पुन्हा धुरात चालली तू?”

माय म्हणाली, “चुलीचा धूर घराचा होता. हा माहा राहीन.”

बाबांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, “मी तटस्थ.” शेजारचे गुलाबकाका कुंपणावर हात टेकून ऐकतच होते. “लेक म्हंते धूर बंद करा, माय म्हंते भट्टी लावा. एका घरात दोन पक्ष हाय का तुमच्या? आमी मत कोनाले द्यावं?”

शेवटी करार झाला. भट्टी लावायची, पण खोकला परत आला की त्याच दिवशी बंद. मग पोतं अर्धं असो की रिकामं. आणि खोकला आला की नाही हे मी ठरवायचं. माय म्हणाली, “मंजूर.” तिची मान इतक्या सहज हलली की मला वाटलं, ही हरायची तयारी करूनच उतरली आहे.

पहिली भट्टी म्हणजे एक जुना ड्रम. बुडाला फटी, वर पत्रा, फटी बुजवायला चिखलाचा गारा. मी पायरीवर बसले, निरीक्षक म्हणून. लाकडानं पेट घेतला आणि धूर उठला. पांढरा, जाड, ओल्या गोधडीसारखा. माय पदर नाकाला लावून ड्रमच्या एका बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून बसली. ती ड्रमकडे पाहत नव्हती. ती धुराकडे पाहत होती.

“हे पाणी जाऊन राह्यलं,” ती म्हणाली. तासाभरानं धूर पिवळट झाला, डोळ्यांत मिरचीसारखा झोंबायला लागला. “आता आंगातलं तेल चाललं.” मग बराच वेळ धूर तसाच राहिला. मी कंटाळून उठणार तेवढ्यात ती उठली. धूर बारीक झाला होता, निळा, इतका पातळ की त्यातून पलीकडची तुराट्यांची कूड स्पष्ट दिसत होती. “आता आत लाकूड नाई राह्यलं. दाब लवकर.” आम्ही सगळ्या फटी चिखलानं लिंपल्या.

“तुला कुणी शिकवलं हे?”

“कोन शिकवन? तीस वर्षं तोंडासमोर होता ना. पाहून पाहून पाठ झाला.”

मी त्या धुरावर पत्रक लिहिलं होतं, भाषण केलं होतं, बक्षीस घेतलं होतं. धुरानं बाईचं काय नेलं त्याची यादी मला पाठ होती. पण त्या शिक्षेत बसून बाईनं काय मिळवलं, हे माझ्या कोणत्याही पत्रकात नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नाही. जिला वाचवायचं तिला काही येत असेल, असं आम्हा वाचवणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. शिक्षा ती शिक्षाच, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण कैद्यानं भिंतीवर नखानं खगोलशास्त्र लिहून ठेवलं असेल, तर भिंत पाडताना ते निदान वाचून तरी घ्यावं.

पहिल्या भट्टीत निम्मी राख निघाली. उरलेला कोळसा मात्र मी हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. ते लाकूडच होतं! वर्षावर्षाची वर्तुळं जशीच्या तशी, सालीच्या भेगा जशाच्या तशा, किड्यानं पोखरलेला बारीकसा बोगदाही तसाच. एका तुकड्यावर काटा होता. काळा, सुईसारखा, अजून टोकदार. बोट लावलं तर बोटात रुतायच्या ऐवजी मोडला. पाणी गेलं, तेल गेलं, वजन गेलं, रंग गेला, आणि आकार राहिला. आगीतून जाऊन एखाद्याजवळ त्याचा आकार राहतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मी आगीला ओळखते असं समजायचे. मी फक्त आगीबद्दल बोलायचे.

दुसरी भट्टी जरा बरी झाली. तिसऱ्या भट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मी केस विंचरत होते आणि गोठ्याच्या मागून तो आवाज आला. दाबलेला, पदरात तोंड खुपसलेला. तीन वर्षांत ऐकला नव्हता तरी लगेच ओळखला.

मी मागे गेले. माय भिंतीला हात लावून उभी होती. मला पाहून तिनं लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“आला,” ती म्हणाली. “बंद.”

एवढंच. तिनं ड्रम धुतला, अंगणाच्या कोपऱ्यात पालथा घातला आणि त्याच्या बुडावर मुगवड्या वाळत घातल्या. बेबीबाईंचं नाव काढलं नाही. पोतं चौथाईही भरलं नव्हतं, ते तिनं दोरीनं बांधून माळ्यावर टाकलं. मी जिंकले होते. करार माझा, शर्त माझी, निकाल माझा. आणि घरात कुणी माझ्यावर रागावलेलं नव्हतं, हेच सहन होत नव्हतं. मायनं आदळआपट केली असती तर मी दहा मुद्दे मांडले असते. ती शब्दाला जागली, आणि माझ्याजवळ मुद्दाच उरला नाही. एक शब्द तिनं मला दिला होता, एक बेबीबाईंना. एक पाळताना दुसरा मोडत होता, आणि मोडणारी मी होते.

आमच्याकडे कोणतीही अडचण आली की माणूस दुकानामागच्या खोलीत जातो. मीही गेले. जुन्या गठ्ठ्यांत तीन दिवस उकरल्यावर एक पातळ पुस्तिका सापडली, कुठल्याशा प्रदर्शनात वाटलेली, बिनधुराच्या भट्टीची. लाकूड बंद डब्यात ठेवायचं. डब्यातून एक नळी काढायची, वळवून खाली चुलीत सोडायची. लाकडातून निघणारा धूर नळीतून चुलीत येतो आणि तिथंच जळतो. मी ते चारदा वाचलं. धूर जळतो? मग आजवर आम्ही सगळे काय पाहत होतो?

सेलूच्या सलीमभाईंनी वेल्डिंगची कांडी खाली ठेवून माझं चित्र नीट पाहिलं. “ताई, हे बॉम्ब तं नाई ना?”

“नळी उघडी राहते, भाऊ.”

“मंग ठीक. नळी बंद राहिली असती तं मी नाई करून देत. मले बी लेकरंबाळं हाय.”

नळी जोडलेला ड्रम घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पेटवलं. खाली पऱ्हाटी, जी सगळा गाव फुकट जाळतो तीच. वर आडवा ड्रम, त्यात बाभळीचे तुकडे, झाकण पट्ट्यानं आवळलेलं. माय अंगणाच्या पार त्या टोकाला बाजेवर बसली. मी बोलावलं तरी आली नाही. “माहा करार हाय,” म्हणाली.

पहिला तासभर काहीच नवीन नाही. पऱ्हाटी कडकडली, नळीच्या तोंडातून पांढरी वाफ लोंबत राहिली. मग वाफ पिवळी झाली, जड झाली, आणि एकदम, कुणीतरी दार उघडावं तशी, पेटली. नळीच्या तोंडातून ज्वाळा आली. हातभर लांब, पिवळी, मुळाशी निळी, आणि तिच्यासोबत आवाज. आधी फडफड, मग जुन्या वातीच्या नाही, पंपाच्या स्टोव्हसारखा एकसुरी गर्जणारा आवाज. मी पऱ्हाटी टाकणं बंद केलं. आग बंद झाली नाही. खाली सरपण संपलं होतं आणि ड्रम आपल्याच धुरावर तापत होता. लाकूड आपल्याच श्वासावर शिजत होतं.

मी मागे सरकले. मला सरकावंच लागलं. बाबा दुकान उघडायचं विसरून चष्मा हातात धरून उभे होते. वर आकाशात पाहिलं तर काही नव्हतं. नुसती हवा थरथरत होती आणि तिच्या पलीकडे कडुनिंब हलत होता. झाडानं दहा वर्षं हवेतून जे घेतलं, उन्हातून जे घेतलं, ते माझ्यासमोर पुन्हा ऊन होऊन बाहेर येत होतं. हे शाळेत शिकले होते. प्रश्नोत्तरात लिहून गुणही मिळवले होते. पण वर्गात कुणी गर्जून सांगितलं नव्हतं.

गुलाबकाका कुंपणाशी आले. मान वर करून आकाशात धूर शोधायला लागले.

“धूर कुठं गेला वं?”

“पेटला, काका.”

“धूर पेटते?”

“पेटते.”

काकांनी मागे वळून स्वतःच्या शेताकडे पाहिलं, जिथं परवाच ढीग पेटवले होते. “मंग आमी आजवर उडवूनच दिला म्हना.” त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

दुपार व्हायला आली. आवाज चालूच होता. अचानक बाजेवरून माय म्हणाली, “उतरला.” मला काहीच फरक कळला नव्हता. मिनिटभरानं ज्वाळा आखूड झाली, लटपटली. वाचायला धूर नव्हता, तर ती चाळीस पावलांवरून आवाज वाचत होती, आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला. “आता थकला तो. नळी बुजव.” मी ओल्या मातीचा गोळा नळीच्या तोंडात कोंबला. अंगणात एवढी शांतता झाली की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

इथं मला माझी चूक सांगितली पाहिजे. छापील कागदावर वाढलेल्या माणसाकडूनच होऊ शकते अशी चूक. पुस्तिकेत लिहिलं होतं, चार तासांनी उघडावे. माय म्हणाली, “उद्या बी नोको. परवा पाहू.” मी मनात हसले. तरी मोठेपणानं चाराच्या जागी अख्खी रात्र थांबले. सकाळी ड्रमला हात लावला. थंडगार. पुस्तिकेतली भट्टी तेलाच्या डब्याएवढी होती आणि माझा ड्रम तिच्या दहापट, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. छापलेलं होतं ना!

मी पट्टा सोडून झाकण काढलं. आत काठोकाठ कोळसा, निळसर काळा, चकचकीत. मी आनंदानं ओरडले, “बाबा, या, पाहा!” आणि बाबा येईपर्यंत एका तुकड्यावर राखाडी ठिपका दिसला. ठिपका पसरला. त्याच्या काठाला लाल रेघ. मग दुसरा, तिसरा. बारीक किणकिण आवाज यायला लागला. बाहेरून थंड झालेलं ते सगळं आत जागं होतं आणि हवेची वाट पाहत होतं. भर उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत, काळ्याचं लाल होत गेलं. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मी बादलीकडे धावले.

“पाणी नोको! सारा फुटून चुरा होईन त्याचा!”

माय कणीक मळत होती, तशीच धावत आली. तिनं झाकण उचललं, ड्रमवर आपटलं, ओलं बारदान घातलं आणि कडेनं चिखल लिंपायला लागली. कणकेचे हात चिखलात, चिखल कणकेत. एका ठिकाणी चटका बसला तेव्हा फक्त “स्स” केलं. शेवटची फट बुजली तशी उभी राहिली, आजूबाजूला पाहिलं, धूर नाही याची खात्री करून घेतली, आणि परत जाऊन बाजेवर बसली. तिथून म्हणाली,

“रात्री राखेखाली इंगय दाबून ठेवत होतो, तो सकायी चहाले कामी येत होता. तुया बुकात नाई का हे?”

नव्हतं. तीस वर्षं रोज रात्री ती आग झोपवत होती आणि रोज सकाळी उठवत होती, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी तिला सांगत होते आग किती वेळात विझते!

पुढचे दोन दिवस मी त्या ड्रमच्या आजूबाजूला फिरत राहिले. हात लावायची हिंमत नव्हती. रात्रंदिवस ज्याच्या त्याच्या चुका दाखवणाऱ्या माझ्यासारखीला गप्प बसून वाट पाहणं किती अवघड, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं ड्रमवर तळवा ठेवला, मग वाकून कान लावला. “उघड.” वरचा वीतभर थर राख होता. खाली सगळं शाबूत. तुकडा तुकड्यावर आपटला तर बांगडीसारखा खणकला.

आज, वर्षभरानं, अंगणात तोच ड्रम आहे आणि बाहेर पऱ्हाटीचे ढीग. गुलाबकाका यंदा काडी लावायच्या आधी विचारून गेले, “तुमाले लागते का?” मी नवं पत्रक लिहायला बसले होते, शेतात पऱ्हाटी जाळू नका म्हणून. दोन ओळींवर थांबले. ‘आजच निर्धार करा’ लिहायला हात वळेना. आधी चार घरी जाऊन विचारून यावं म्हणते, तुम्हाला काय येतं.

पण सांगायचं राहिलं ते गेल्या वर्षीचं.

आधीचा कोळसा मिळवून पोतं भरलं. स्कूटरवर पायाजवळ पोतं, मागे माय, असं आम्ही पिपरी मेघेला गेलो. खोकला जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. मी मोजत होते. वाटेत ती घसा खाकरली तरी माझा हात ब्रेकवर जायचा.

बेबीबाईंनी पोतं सोडलं. एक तुकडा नाकाशी नेला, दोन तुकडे एकमेकांवर वाजवले. इस्त्रीत भरले, वरून रॉकेलचा बोळा टाकला, पंख्यानं वारा घातला. कोळसा कडेनं लालसर झाला आणि आत शिरत गेला. आम्ही दोघी उभ्या. चटकला नाही. ठिणगी नाही. धूर नाही. बेबीबाईंनी गठ्ठ्यातून एक पांढराशुभ्र शर्ट ओढला. कुणाचा तरी चांगला असणार, कॉलरला अजून दुकानाची चिठ्ठी होती. मी म्हणणार होते, आधी एखाद्या जुन्या कपड्यावर पाहा. त्यांनी इस्त्री टेकवली, आणि पाठीवरून एका दमात खालपर्यंत नेली.

शर्ट उलटून पाहिला. उजेडात धरून पाहिला.

“रत्नाबाई,” त्या मायला म्हणाल्या, “दर पंधरवाड्याले असा देता का? मी दुसऱ्या कोनाकडून घेत नाई मंग.”

मायनं माझ्याकडे पाहिलं. ओशाळून नाही, विनवणी म्हणून नाही. करार होता. ठरवायचं मला होतं, आणि ती ते अगदी सरळ माझ्या हातात ठेवून उभी होती.

मला पत्रकातली कितीतरी वाक्यं येत होती. स्वावलंबनावरची, श्रमाच्या प्रतिष्ठेवरची. ती तशीच राहू दिली. बेबीबाईही आता माझ्याकडेच पाहत होत्या.

“मले काय इचारता, मावशी?” मी म्हणाले. “भट्टी तिची हाय.”

मायनं पदर खोचला आणि बेबीबाईंकडे वळली.

“देईन,” ती म्हणाली. “पन हे पोतं फाडजो नोको. परत भरा लागते.”